उपासाला चालणारी कॅप्सूल

"ग्रीन टीच तर आहे, त्यानं काय होतंय?" हे वाक्य मी स्वतः कितीतरी जणींना ऐकवलेलं आहे. म्हणूनच आता कुणी ते माझ्यासमोर म्हटलं की माझा पारा चढतो. आमच्या स्टाफरूममधल्या बायका म्हणतात, मॅडम, तुम्ही त्या विषयाच्या हात धुऊन मागे लागलात. लागले. आणि लागणार. ज्यांना कंटाळा येतो त्यांनी खुशाल वर्गावर जावं, नाहीतरी तासाची घंटा होऊन पाच मिनिटं झालेली असतात.

मी नांदेडजवळच्या एका जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वय पन्नाशीला टेकलेलं, रक्त कमी, वजन जास्त. साखर काठावर आली तेव्हा डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं. वजन उतरवा म्हणायला डॉक्टरांचं काय जातं? दिवसाला सहा-सात कप गोड चहा पिणारी बाई मी. दोन तास झाले की शाळेत चहा, पालक भेटायला आले की चहा, ते गेले की सुटलो म्हणून चहा. मग एका मेडिकलच्या दुकानात ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल दिसल्या. बाटलीवर हिरवं पान काढलेलं होतं. पानाचं चित्र असलं की आपल्या मनातली सगळी भीती पळते, हे त्या बाटलीवाल्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

खोटं कशाला बोलू, मला फायदा झाला. चार महिन्यांत तीन किलो उतरले, दुपारच्या तासाला पेंग यायची ती कमी झाली. पण त्याच चार महिन्यांत मी गोड चहा दोन कपांवर आणला होता आणि रोज सकाळी गोदावरीच्या घाटापर्यंत चालत जात होते. राबले पाय, साखर सोडली जिभेनं, आणि श्रेय घेऊन गेली कॅप्सूल. मला पित्ताचा जुना त्रास असल्यामुळे ती कॅप्सूल मी कायम पोटभर नाश्ता झाल्यावर घ्यायचे. बाटलीवर तसं लिहिलंय म्हणून नाही, उपाशीपोटी घेतली की मळमळायचं म्हणून. बाटलीवरची ती मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं वाचायला मी चष्मा लावला नव्हता. शाळेत पोरांना प्रश्नपत्रिकेवरच्या सूचना आधी नीट वाचा म्हणून ओरडणारी बाई मी.

माझी धाकटी बहीण लातूरला असते. क्लासेसच्या पोरांना डबे पुरवायचा तिचा धंदा आहे. दोन वेळचे चाळीस डबे, घरचीच मेस. बाहेरगावची पोरं डॉक्टर व्हायला लातूरला येतात आणि ही त्यांना पोळ्या लाटून घालते. स्वतः जेवते कधी, तर सगळ्यांचं झाल्यावर, उरलंसुरलं, उभ्याउभ्या. अशा बायकांचं वजन वाढतं, आणि मग लोक म्हणतात, दिवसभर खातच असेल! देगलूरला एका लग्नात आम्ही भेटलो तेव्हा ती मला निरखून म्हणाली, "अक्का, लई बारीक झालीस की गं. काय करून राहिलीस?"

मी फुगले. चालणं सांगितलं नाही, चहा सोडला ते सांगितलं नाही. कॅप्सूल सांगितली. तिची सासू घरात आलेल्या प्रत्येक वस्तूची चौकशी करणारी, म्हणून मी निम्म्या कॅप्सूल हिंगाच्या एका रिकाम्या प्लास्टिकच्या डबीत ओतल्या आणि तिच्या पर्समध्ये टाकल्या. "रोज सकाळी एक," एवढंच म्हणाले. "जेवल्यावर" हा शब्द माझ्या तोंडून निघाला नाही. बाटली, तिच्यावरची अक्षरं, सगळं नांदेडला माझ्या कपाटात राहिलं. पुढच्या महिन्यात डबी संपली तर मी आणखी पाठवली.

श्रावण गेला, गणपती-महालक्ष्म्या झाल्या, घट बसले. आमच्या भागात नवरात्राचे नऊ दिवस माळांवर मोजतात, आज दुसरी माळ, आज तिसरी माळ. धाकटीच्या घरात सासू-सुना दोघींचा नऊ दिवसांचा कडक उपास. संध्याकाळी एक केळं आणि पाणी. धाकटीनं तर चहासुद्धा सोडलेला. चाळीस डब्यांचा स्वयंपाक चालूच, मीठसुद्धा चाखून बघायचं नाही, अंदाजानं घालायचं.

पाचव्या माळेला मी फोन केला तर तिचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. म्हणाली, अंगाला खाज सुटलीय, मळमळून राहिलंय, अन्नाचा वाससुद्धा नको वाटतोय. मी शहाणी म्हणाले, उपासाचं पित्त आहे, केळं दोन खा. दुसऱ्या दिवशी तिच्या नवऱ्याचा फोन आला. डोळे पिवळे झालेत, कावीळ दिसते, उद्या रविवार आहे, एका गावात काविळीचं औषध देतात तिथं घेऊन जातो. उपाशीपोटी दुधातून झाडपाला देतात, म्हणे तीन रविवारांत कावीळ पळते.

मी पहाटेची पहिली एसटी पकडली. लोह्याला गाडी थांबली तेव्हा लोक चहा प्यायला उतरले, मी जागची हलले नाही. काविळीनं आमची एक चुलती अशीच गावोगावच्या औषधांवर फिरून गेली होती. त्या औषधानं बऱ्या झालेल्या बायकांच्या गोष्टी सगळे सांगतात. न झालेल्यांच्या गोष्टी सांगायला त्या बायका उरत नाहीत.

घरी पोचले तर पिवळ्याधमक डोळ्यांची माझी बहीण पोळ्या लाटत बसलेली. दारात जीप उभी. मी तिच्या हातातलं लाटणं काढून घेतलं आणि म्हणाले, "जीप काढलीच आहे ना, ती दवाखान्याकडं न्या."

तिची सासू देवघरातून बाहेर आली. बारीक अंगाची, ताठ मानेची बाई. "बाई, आमच्या घरात समद्यांची कावीळ त्याच औषधानं उतरली. दवाखान्यात काविळीला इलाज न्हाई, ते सलाईन लावून बसवतेत."

"मावशी, समद्यांची उतरली असंल. हिची मी तशी उतरवू देणार नाही."

"तुम्ही कोन ठरवणार?"

"तिची मोठी बहीण. आई नाही आम्हाला, म्हणून मीच ठरवणार."

तिचा नवरा मधे कोरड्या तोंडानं उभा. मी त्याला सरळ म्हणाले, "पाव्हणं, तुमच्या आईशी मी भांडते, तुम्ही फक्त गाडी चालवा." गल्लीतल्या दोन बायका कंपाउंडवर हात टेकून ऐकत होत्या. ऐकू द्या. भांडण चोरून करायचं नसतं, त्यात निम्मा जोर जातो.

दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी डोळे बघितले, पोट दाबून बघितलं, उपासाला काय खाता-पिता ते विचारलं, लघवीचा रंग विचारला. "काळ्या चहासारखा," धाकटी म्हणाली. मग विचारलं, "कुठलं औषध चालू आहे का?"

सासू म्हणाली, "न्हाई."

नवरा म्हणाला, "न्हाई."

धाकटीनं मान हलवली. आणि मी, एसटीतून भांडायची तयारी करत आलेली मी, मीसुद्धा म्हणाले, "नाही हो, काहीच नाही."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "नीट आठवा. आयुर्वेदिक, काढा, पावडर, वजन कमी करायचं काही? मेडिकलमधून, ऑनलाइन, कुणी दिलेलं?"

धाकटी माझ्याकडं बघून हळूच म्हणाली, "ते औषध न्हाई मॅडम. ते आपलं चहाचंच हाय. हिरव्या चहाच्या कॅप्सूल. तीन महिने झाले घेऊन राहिले."

"आताही? उपासात?"

"हाव. उपासात तर दोन घेते, भूक मरते न त्यानं. पहाटे आंघोळ झाली की पाण्यासंगं."

"तुमचा चहा बंद आहे म्हणालात ना?"

"चहा बंद हाय," धाकटी म्हणाली, "पर औषधाला उपास लागत न्हाई."

मला तेव्हा डोळ्यांसमोर लख्ख दिसलं. देवापुढं ती कॅप्सूल औषध होती म्हणून उपासाला चालली, आणि डॉक्टरांपुढं तीच कॅप्सूल चहा झाली म्हणून सांगायची राहिली. दोन्हीकडून सुटली. आमच्या बायकांच्या शहाणपणात एवढी मोठी फट असेल असं मला कधी वाटलं नव्हतं, आणि त्या फटीत माझी बहीण मीच ढकलली होती.

"त्या मी दिल्या," मी म्हणाले. "हिंगाच्या डबीत घालून. लेबल माझ्याकडं राहिलं."

सासू माझ्याकडं वळली. "बघा! औषधाला नेऊ नका म्हणून गल्ली डोक्यावर घेतली, अन् इख सोताच दिलं व्हय!"

मला उत्तर देता आलं असतं. त्यांच्या रविवारच्या झाडपाल्यात तरी काय असतं ते कुणी विचारलंय? पण त्या क्षणी मी तेवढी नीच झाले नाही. म्हणाले, "इख नाही मावशी, पण चुकीचं दिलं. अर्धवट सांगून दिलं. शिव्या नंतर द्या, मी कुठं जात नाही."

नांदेडला माझ्या नवऱ्याला फोन लावला, कपाटातल्या बाटलीचा फोटो मागवला. डॉक्टरीणबाईंनी तो मोठा करून माझ्यापुढं धरला. मग मी चष्मा लावला. जेवणासोबत घ्या. उपाशीपोटी घेऊ नका. सांगितल्यापेक्षा जास्त घेऊ नका. यकृताचा आजार असेल तर घेऊ नका. पोट दुखलं, लघवी गडद झाली, डोळे पिवळे झाले तर बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. सगळं लिहिलेलं होतं. माझ्या कपाटात, साड्यांच्या शेजारी, सात महिने.

त्यांनी समजावून सांगितलं ते मला अजून पाठ आहे. कपभर ग्रीन टी पिणं वेगळं आणि त्याचा अर्क कॅप्सूलमध्ये कोंबून घेणं वेगळं. कपात जे थोडं थोडं, गरम पाण्यातून जातं, ते कॅप्सूलमध्ये एकदम येतं. पोट रिकामं असलं की ते रक्तात जास्त जोरानं चढतं, आणि काही माणसांच्या यकृताला ते सोसत नाही. सगळ्यांना होतं असं नाही, फार थोड्यांना होतं. पण कुणाला होणार ते आधी ओळखता येत नाही. "बाकी काविळींच्या तपासण्या करू. त्या निगेटिव्ह आल्या तर संशय यावरच. आजपासून कॅप्सूल बंद, झाडपाला नाही, कुठलंच औषध मला विचारल्याशिवाय नाही. आणि उपास नाही." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "तुम्हीही घेता ना? तुमचं काही चालू आहे?"

"रक्तवाढीच्या गोळ्या. लोहाच्या."

"कधी घेता?"

"नाश्ता झाला की. कॅप्सूलसोबतच."

त्या पहिल्यांदाच हसल्या. "म्हणून रक्त वाढत नसेल. चहा, मग तो हिरवा असो की साधा, लोह अंगी लागू देत नाही. दोन्हींमध्ये काही तास तरी जाऊ द्या."

वर्षभर मी त्या गोळ्या खात होते, हिमोग्लोबिन जागचं हलत नव्हतं, आणि मी शाळेच्या पोषण आहाराच्या भाषणात पालेभाज्यांचं महत्त्व सांगत होते!

आता मला दोन्ही बाजूंनी लोक बोलतात. कॅप्सूल घेणाऱ्या म्हणतात, मॅडम घाबरवतात. बाकीचे म्हणतात, बघा, ही असली सगळी थोतांडं फेकूनच द्यावीत. मला दोघंही पटत नाहीत. मी अजून ग्रीन टी पिते, कपानं, लोहाच्या गोळीपासून लांब, आणि मला तो आवडतो. कॅप्सूल विषच असते असं मी कुणाला सांगत नाही, कारण ते खरं नाही. पण ज्या बाईला ती घ्यायचीच आहे तिला मी उभं करून प्रश्न विचारते. लेबल वाचलंस का? डॉक्टरला दाखवलंस का? रक्त पातळ करायची, बीपीची, कसली गोळी चालू आहे का? दिवस गेलेत का, अंगावर पाजतेस का? मागं कधी कावीळ झाली होती का? जेवलीस का? आणि वजनाची ही जादू कितीशी असते ठाऊक आहे का, की पाव-अर्धा किलोसाठी यकृत पणाला लावून राहिलीस? बायका चिडतात. चिडू द्या.

हे शहाणपण आज आलं. त्या दिवशी दवाखान्यात माझ्याकडं फक्त भीती होती. धाकटीला ॲडमिट केलं. संध्याकाळी रिपोर्ट आला, यकृताचे आकडे असायला हवेत त्याच्या कितीतरी पट वर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यकृत सावरतं, बहुतेकदा सावरतं, पण दोन-तीन दिवस डोळ्यात तेल घालून बघावं लागेल. ती गुंगीत गेली, असंबद्ध बोलायला लागली तर लगेच सांगा. मी रात्रभर काहीबाही विचारून तिला उत्तरं द्यायला लावत होते. सातचा पाढा म्हणायला लावला. तिनं म्हटला, आणि वर म्हणाली, "अक्का, मी तुझ्या वर्गातली पोरगी न्हाई."

बाकी काविळींच्या तपासण्या दुसऱ्या दिवशी निगेटिव्ह आल्या. संशय कॅप्सूलवर पक्का झाला. ती आठवी माळ होती. सलाईन चालू होतं, पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता तोंडानं जेवायला लागा, शरीराला अन्न हवंय. पाव्हण्यांनी घरून डबा आणला. पातळ वरण, मऊ भात. धाकटीनं तोंड फिरवलं.

"आज न्हाई. परवा घट उठले की जेवते."

मी समजावलं, रागावले, शेवटी ओरडले. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. धाकटी ढिम्म. म्हणाली, "नवस हाय अक्का. मोडता येत न्हाई."

"कसला नवस? सरकारी नोकरीचा? बंगल्याचा?"

ती भिंतीकडं बघत म्हणाली, "मागल्या साली आत्याबाईंचं हृदयाचं आपरेशन झालं तवा बोलले होते. सुखरूप घरी आल्या तर नऊ दिवस कडक धरीन म्हणून. त्यान्ला सांगितलं न्हाई मी."

आत्याबाई म्हणजे तिची सासू. ती दारापाशी खुर्चीवर बसलेली होती, तिचाही आठवा दिवस, ओठ सुकलेले. काल डॉक्टरीणबाईंसमोर बोलली त्यानंतर माझ्याशी एक अक्षर बोललेली नव्हती. ती उठली. मला वाटलं, आता ही म्हणणार, नवस आहे, नवस मोडायचा नसतो. मी तिच्याशी भांडायला पदर खोचला.

तिनं डबा उघडला. झाकणात थोडा भात घेतला, त्यावर वरण ओतलं, बोटांनी कालवलं, आणि खाटेच्या कडेला बसून पहिला घास स्वतःच्या तोंडात घातला. चाळीस वर्षांत या बाईनं नवरात्रात अन्नाला हात लावला नव्हता, हे मला पाव्हण्यांनी नंतर सांगितलं. तेव्हा ते नुसते भिंतीला टेकून आईकडं बघत राहिले होते.

सासूनं घास गिळला. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसलं नाही. दुसरा घास कालवून सुनेच्या तोंडापुढं धरला. "माझ्यासाठी बोलली व्हतीस न? मग तो माझा हाय. मी मोडला. आता खा."

धाकटीनं तोंड उघडलं.

मी पदर खोचलेली तशीच उभी होते. मी भांडकुदळ बाई, आयुष्यात कुणापुढं हरलेली मला आठवत नाही. त्या दिवशी हरले, आणि मला त्याचं काही वाईट वाटलं नाही. "बघत काय राहिलीस," सासू म्हणाली, कालपासून पहिल्यांदा, आणि पहिल्यांदाच अगं-तुगं, "पाणी दे तिला."

धाकटीचे डोळे पांढरे व्हायला तीन आठवडे लागले, आणि रक्ताचे आकडे जागेवर यायला दिवाळी उलटून गेली. मधल्या काळात मेसच्या पोळ्या सासूनं लाटल्या. गल्लीत चर्चा व्हायची ती झालीच. कंपाउंडवर हात टेकून उभ्या राहणाऱ्या त्याच बायकांनी एकदा माझ्यासमोर तिला विचारलं, आठव्या माळेला उपास मोडला, देवीला कसं चाललं हो?

सासूनं लाटणं थांबवलंसुद्धा नाही. "देवीला न्हाई चाललं तर ती येऊन मला इचारंल," ती म्हणाली. "तुम्ही कोन?"